साच्याच्या पाठीवरचं नाव

पेपर कुंपणापलीकडे धाडायची घाई पुरुषोत्तमरावांनीच केली, हे पुढे सगळ्यांनी सोयीस्करपणे विसरायचं ठरवलं. एरवी खांबेट्यांचा इंग्रजी पेपर दहानंतर, शब्दकोडं सोडवून झालं की भिंतीवरून रत्नक्काकडे जायचा. कानडी मुलखातल्या या शहरात, जे. पी. नगरात दोन्ही घरं शेजारी-शेजारी उभी राहिली तेव्हापासूनचा हा रिवाज. पण शहाण्णव सालच्या त्या भोगीला, रविवारी सकाळी साडेसातलाच पुरुषोत्तमराव पेपर देऊन आले, आणि तोही तिसरं पान वर येईल अशी घडी घालून.

तिसऱ्या पानावर त्यांच्या सुनेचा फोटो होता. नऊवारी नेसलेली नयना, समोरच्या ताटात पांढरीशुभ्र साखरेची वृंदावनं, हत्ती, मासे, आणि तिच्या दोन्ही हातांत कॅमेऱ्याकडे पाठ केलेला लाकडी साचा. खाली छापलं होतं की मराठी मंडळाच्या 'आपली परंपरा' स्पर्धेत पहिला क्रमांक खांबेटे घराण्याला मिळाला असून साखरेच्या चित्रांचे हे साचे त्या घराण्यात चार पिढ्या चालत आले आहेत.

साडेआठला दारावरची बेल वाजली. सुनंदाबाई भोगीच्या भाजीसाठी पावटे सोलत होत्या. बाहेर रत्नक्काचा मुलगा हयवदन उभा होता. हयवदन या घरात इतकी वर्षं मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून येत होता. आपल्या घराला पुढचं दार आहे हे त्याला माहीत असेल याचंच सुनंदाबाईंना नवल वाटलं.

"मावशी, अम्मा साचे मागते आहे. डब्यासकट."

"अरे, आज भिजत घालणारच होते मी. उद्या संक्रांत ना."

"नको म्हणाली. आमचे आम्ही भिजवतो म्हणाली."

'आमचे आम्ही' हे शब्द या दोन घरांत कुणी कधी वापरले नव्हते. सुनंदाबाईंच्या हातातला पावटा हातातच राहिला.

पुरुषोत्तमरावांना मात्र अजून पत्ता नव्हता. आरामखुर्चीतूनच त्यांनी विचारलं, "काय रे, पेपर पाहिलास का?"

"पाहिला काका. फोटो छान आलाय. अक्षरं पण स्पष्ट आलीत."

"कुठली अक्षरं?"

हयवदननं बगलेतला पेपर काढून त्यांच्यासमोर धरला आणि साच्याच्या पाठीवर बोट ठेवलं. तिथे तापल्या सळईनं डागून काढलेली वळणदार नक्षी होती. पुरुषोत्तमरावांनी चष्मा कपाळावर चढवला, परत उतरवला.

"ही वेलबुट्टी?"

"वेलबुट्टी नाही काका, कन्नड आहे. तिम्मक्का. माझ्या बाबांची आई." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच ऐकायला जड जात होतं. "आठ वाजता मल्लेश्वरमहून आत्याचा फोन आला. विचारत होती, तुझी आजी खांबेट्यांच्या घरात कधी गेली?"

पुरुषोत्तमराव चौतीस वर्षांपूर्वी सांगलीहून सरकारी कारखान्यात टूल डिझाइनला आले ते याच शहरात निवृत्त झाले. कन्नडमधलं त्यांना फक्त बसवरची पाटी वाचता यायची, तीही आकड्यांच्या आधारानं. सुनंदाबाईंची जीभ तरबेज होती. भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी अस्खलित भांडायच्या. पण वाचायचं कधी जमलं नाही, कारण कधी अडलंच नाही. ती वेलबुट्टी त्यांनी नऊ वर्षं स्वतःच्या अंगठ्यानं घासून धुतली होती.

"संध्याकाळच्या आत मी स्वतः आणून देते," त्या म्हणाल्या.

"सरी, ठीक आहे," म्हणून हयवदन पुढच्याच दारानं निघून गेला.

साचे इकडे आले ते रत्नक्काचे यजमान विश्वेश्वरराव गेले त्या वर्षी. सुतकाच्या वर्षात गोडधोड करायचं नाही, आणि साचे तर दर संक्रांतीला भिजलेच पाहिजेत. फणसाचं लाकूड ते, एक वर्ष कोरडं राहिलं तरी तडकतं. तेव्हा रत्नक्कानं डबा सुनंदाबाईंच्या ओटीत ठेवला आणि सांगितलं, माझ्या जागी तू कर, फक्त साच्यातून पहिलं निघेल ते वृंदावन कुणी चाखायच्या आत माझ्या देवापुढे आण. पुढे रत्नक्काची मनगटं संधिवातानं धरली, उकळत्या पाकाचं पातेलं तिला उचलेना, आणि डबा इथेच राहिला. पहिलं वृंदावन मात्र आठ वर्षं नेमानं पलीकडे गेलं. या वर्षी मंडळाच्या स्पर्धेसाठी चित्रं आठवडाभर आधीच झाली. रत्नक्का तेव्हा लेकीकडे म्हैसूरला होती. पहिलं वृंदावन थेट स्पर्धेच्या ताटात जाऊन बसलं.

दुपारी बाजरीच्या भाकऱ्या वाढल्या गेल्या, पण जेवण कमी आणि खल जास्त झाला. पुण्याहून सुट्टीला आलेली लेक आसावरी कॉलेजात शिकवत असल्यामुळे तिला मत असणं भागच होतं. मकरंदला ऐन सणाला इलेक्ट्रॉनिक सिटीत कामावर जावं लागलं होतं, म्हणून त्याच्या बायकोची, नयनाची बाजू घ्यायला ती स्वतः सोडून कुणी नव्हतं.

"मी काय चोरी केलीय का?" नयना म्हणाली. "ऑफिसची बस पकडायच्या आधी पहाटे उठून पाक केलाय. दूध घालून तीनदा मळी काढली. कपड्यातून गाळला. दोन वेळा सगळं जास्त घोटलं गेलं आणि फेकून द्यावं लागलं. बक्षीस त्या मेहनतीचं आहे."

"मेहनतीचं बक्षीस मिळालं असतं तर कोण बोललं असतं?" आसावरी म्हणाली. "बक्षीस 'आपली परंपरा'चं मिळालं. आयत्या बिळावर नागोबा झालो आपण."

"काहीतरीच," पुरुषोत्तमराव म्हणाले. "मग आपण इडली करतो तेव्हा वर पाटी लावतो का, की ही आमची नव्हे? रत्नक्का आपल्यासारखी थालीपिठं थापते, ती कुठे विचारायला आली? शेजारधर्म म्हणजे देवाणघेवाणच. संक्रांतीचंच बघ. आपण म्हणतो तिळगूळ घ्या गोड बोला, ते म्हणतात एळ्ळु-बेल्ल खा आणि चांगलं बोल. कुणी कुणाचं घेतलं, सांग?"

"ते दोघांचं आहे बाबा. इडली तुम्ही खाता, इडलीचा शोध खांबेट्यांनी लावला असं पेपरात छापत नाही."

सुनंदाबाई भाकरीवर लोणी घालत ऐकत होत्या. त्यांना नेहमीप्रमाणे प्रश्न पडला होता. चौकसपणा हा त्यांचा मूळ स्वभाव. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून मसाला विचारणाऱ्या बाई त्या. त्यांना खरोखरच कळत नव्हतं की आठ वर्षं जे शेजारधर्म होतं ते नवव्या वर्षी नागोबा कसं झालं. साचे तेच, पाक तोच, हात घरचेच. रेघ नेमकी कुठे ओलांडली गेली?

तेवढ्यात फोन वाजला. मंडळाचे कार्यवाह प्रतापराव होते. रथसप्तमीच्या हळदीकुंकवात बक्षिसं द्यायची, त्यासाठी स्मरणिका उद्या छापखान्यात जाणार. "वहिनी, साच्यांच्या परंपरेवर तीन ओळी हव्यात. तुमच्या आजेसासूबाई कुठल्या, साचे कुणी घडवले, असं काहीतरी. संध्याकाळपर्यंत सांगा."

"सांगते," म्हणून सुनंदाबाईंनी फोन ठेवला. जेवणाची चवच गेली.

जेवणं उरकल्यावर नयना मोरीजवळ भांडी विसळत होती. पाण्याच्या आवाजाआड ती हळूच म्हणाली, "आई, एक बोलू? लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी तुम्हाला विचारलं होतं, हे साचे कुणाचे? तुम्ही म्हणालात, आपलेच की."

सुनंदाबाईंना आठवलं. रत्नक्काचं ते आपलंच, या अर्थानं त्या म्हणाल्या होत्या. पण तो अर्थ पुण्याहून आलेल्या नव्या सुनेला कसा कळावा?

"स्पर्धेच्या वेळी मी कार्डावर 'चार पिढ्या' लिहिलं, तेही तुम्हाला दाखवलं होतं."

"दाखवलं होतंस," सुनंदाबाई म्हणाल्या. त्या पाटावर बसल्या. "तुझी चूक नाही त्यात. परीक्षकबाईंनी माइकवरून मला विचारलं, तुमच्या सासूबाईंचे का हे? मी तोंड उघडणार तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. मग मी मान हलवली. बरं वाटत होतं गं मला. चौतीस वर्षं या गावात राहून आपल्या घराण्याचं काहीतरी आहे असं लोकांना वाटतंय, याचं बरं वाटत होतं."

नयनानं नळ बंद केला. "मग आता?"

"आता चल माझ्याबरोबर. आणि ती साडी बदलू नकोस, आहे तीच छान आहे."

दोघी पुढच्याच दारानं गेल्या. सुनंदाबाईंना वाटलं, हयवदनला पुढचं दार दाखवायची वेळ आपण आणली, तर आपणही तिथूनच जावं. पितळी डबा त्यांनी पोटाशी धरला होता.

दार अनोळखी मुलीनं उघडलं. कडेवर आठ-नऊ महिन्यांचं गुटगुटीत बाळ. दावणगेरेहून संक्रांतीसाठी आलेली ही रत्नक्काची भाचेसून. या कोण हे तिला ठाऊक नव्हतं, पण सणाच्या आदल्या दिवशी आलेल्या सवाष्णींना कोरडं बसवायचं नाही एवढं ठाऊक होतं. "बन्नि, बन्नि," या, या, म्हणत तिनं दोघींना बसवलं, आत जाऊन एक वाटी आणली आणि पुढे केली.

"खांबेटे काळु तगोळ्ळि," ती म्हणाली. खांबेटे दाणे घ्या.

वाटीत काटेरी हलवा होता. बारीक, दाट काट्यांचा, तिळावर चढवलेला.

सुनंदाबाईंनी वाटी घेतली नाही. त्यांना वाटलं आपल्या ऐकण्यात काही गफलत झाली. "काय म्हणालीस? हे कसले दाणे?"

"खांबेटे काळु. आमच्याकडे उद्या बाळाला बोरांबरोबर हेच डोक्यावरून घालायचे." मुलीनं वाटी टेबलावर ठेवली आणि उत्साहानं सांगायला लागली. "दावणगेरे, शिवमोग्गा, आमच्या सगळ्या घरांतून हेच नाव आहे. चामराजपेटेत म्हणे एक खांबेटे अज्जी होत्या, एका वठारात, म्हणजे चाळीत, राहायच्या. त्यांनी आमच्या अत्तेंना, म्हणजे रत्नक्कांना, शिकवलं. शेगडीवर परात, तीळ, आणि पाकाचा एकेक थेंब. बोटं भाजल्याशिवाय काटा फुटत नाही, असं त्या अज्जी म्हणायच्या. मी पण करायला घेतलं की आमच्या सासूबाई हेच वाक्य म्हणतात."

ते वाक्य सुनंदाबाईंच्या सासूबाईंचं होतं, शब्दन् शब्द. चामराजपेटेतल्या त्या वठारात, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे खांबेट्यांचं आणि रत्नक्काचं बिऱ्हाड असताना, सासूबाई ते वाक्य बोलून रत्नक्काच्या बोटांवर खोबरेल लावायच्या. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. खुद्द खांबेट्यांच्या घरात आता हलवा दुकानातून पाकिटात येत होता. आणि कधी न पाहिलेल्या गावातली ही पोर त्यांचं नाव घेऊन वाटी पुढे करत होती. सुनंदाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

"आई," नयना कुजबुजली, "काय म्हणाली ती?"

सुनंदाबाईंनी मराठीत सांगितलं. नयना वाटीकडे बघत राहिली.

रत्नक्का आतून आली तेव्हा भाचेसुनेला कुणीतरी खुणेनं आत बोलावून घेतलं होतं. रत्नक्का समोरच्या खुर्चीवर बसली. मनगटांना गरम कपडा गुंडाळलेला होता. पुढचं सगळं बोलणं त्या दोघींचं नेहमीचं, कन्नडात.

"आणलास डबा?"

"आणला. रत्नक्का, मला ते वाचता येत नव्हतं गं."

"माहितीय मला. वाचता येत नव्हतं ते सोड. पण नऊ वर्षांत तू विचारलं पण नाहीस." रत्नक्काचा आवाज थकलेला होता. "तू, सुनंदा. माझ्या हुळीच्या आमटीत मिरी किती, धने आधी की डाळ आधी, ते तू मला चार-चारदा विचारलंस. पाकात दूध किती थेंब ते वहीत लिहून घेतलंस. कसं करतात ते सगळं विचारलंस. कुणाचं ते एकदाही नाही."

दुपारपासून सुनंदाबाई ज्या रेघेच्या शोधात होत्या ती ही होती. इतकी साधी, आणि ती त्यांच्याच स्वभावातून गेलेली निघाली.

"बक्षिसाचं मला काही नाही," रत्नक्का पुढे म्हणाली. "या पोरीनं मागितलं असतं तर मी चांदीचं ताट पण दिलं असतं सजवायला. पण माझी सासू कशी होती तुला माहितीय. माझ्याशी उभ्या जन्मात गोड बोलली नाही. तिला लिहिता येत नव्हतं. सुताराकडून साचे करून घेतले तेव्हा भटजींकडून नाव लिहून आणलं आणि त्याच्यासमोर बसून डागून घेतलं. घर नवऱ्याच्या नावावर, शेत दिरांच्या, रेशनकार्डावर पण तिचं नाव चुकीचं. बरोबर नाव जगात एका लाकडावर आहे. ते तू चार पिढ्यांत घालून टाकलंस."

आत बाळ कुरकुरत होतं.

नयनाला सगळं कळलं नव्हतं, पण पुष्कळ कळलं होतं. तिनं मोडक्या कन्नडात, मध्ये हिंदी घालत विचारलं, "अक्का, तुम्ही हलव्याला आमच्या आजींचं नाव का ठेवलं?"

रत्नक्कानं तिच्याकडे असं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. "ठेवलं कुठे? त्यांच्याकडून आलं. मग दुसरं काय म्हणणार?"

सुनंदाबाई उठल्या. कोपऱ्यात तिपाईवर फोन होता. "एक फोन करू का गं?" त्यांनी विचारलं, आणि रत्नक्कानं मान हलवल्यावर प्रतापरावांचा नंबर फिरवला.

"प्रतापराव, तीन ओळी घ्या लिहून. साचे आमचे नाहीत. आमच्या शेजारणीच्या सासूबाईंनी घडवून घेतलेले आहेत. ही चाल कानडी मुलखातली, आम्हाला ती त्यांच्याकडून मिळाली. झालं. आणि मी स्टेजवर मान हलवली ती खोटी होती, हेही छापायचं तर छापा."

पलीकडून प्रतापराव बराच वेळ बोलले. सुनंदाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि सुनेकडे वळल्या.

"नयना, ते म्हणतायत, मग हे 'आपली परंपरा'मध्ये बसत नाही. पहिला नंबर काढून घ्यावा लागेल. रथसप्तमीला नाव पुकारणार नाहीत." त्या थांबल्या. "मेहनत तुझी होती. बोलून बसले मी, पण हे तुला विचारायला हवं होतं. याही वेळी विचारायचं राहिलं."

नयनानं खाली मान घातली. त्या बक्षिसाची बातमी तिनं पुण्याला आईला कळवली होती, ऑफिसात पेढे वाटले होते. ती उठली, सासूच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"काका, बक्षीस दुसऱ्यांना द्या. पण तुम्ही नाव लिहिलंच नाहीत. शेजारणीच्या सासूबाई नाही लिहायचं. तिम्मक्का लिहा. म ला म जोडा. हो, आणि क ला क. वाचून दाखवा."

प्रतापरावांनी वाचून दाखवलं असावं, कारण तिनं "बरोबर" म्हणून फोन ठेवला आणि पदरानं नाक पुसलं.

रत्नक्कानं पितळी डबा उघडला, एकेक साचा बाहेर काढून मांडीवर ठेवला, वास घेतला, कडा तपासल्या. एकही तडकलेला नव्हता. मग तिनं उठायचा प्रयत्न केला, मनगट टेकताच कळ आली तशी परत बसली.

"डबा आता इथेच राहील," ती म्हणाली.

"राहू दे," सुनंदाबाई म्हणाल्या. "दोनदा पाक वाया गेला नयनाचा, तूच शिकव आता."

"पण पातेलं माझ्यानं उचलायचं नाही. उद्या पहाटे दोघी इकडे या. पाक इथे होईल." तिनं नयनाकडे बोट केलं. "आणि ही म्हणे दोनदा पाक वाया घालवते. तुझी वही चुकीची आहे सुनंदा, दूध गार घालायचं असतं. आता साचे भिजत घाला, ऊन उतरायला लागलं."

नयनानं न्हाणीघरातून पितळी घंगाळ भरून आणलं. सुनंदाबाई जमिनीवर बसल्या आणि एकेक साचा पाण्यात सोडू लागल्या. फणसाचं लाकूड पाणी पिताना बारीक बुडबुडे सोडत होतं. शेवटचा साचा वृंदावनाचा. तो मात्र त्यांनी सोडला नाही. उलटा केला, आणि नऊ वर्षं जिथून नुसता फिरत आला होता तिथे, पहिल्या वळणावर, अंगठा ठेवला.

"रत्नक्का, हे काय आहे?"

"ति."

सुनंदाबाईंनी अंगठा पुढे सरकवला.

"आणि हे?"